बंगल्यामागची शेड पाडायच्या यादीत घालू नका

मा. संपादक,

स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत पावसाळ्याआधी घरातली अडगळ कशी काढायची यावर एक लेख होता, चांगला होता, मी पूर्ण वाचला, पण त्यात काढून टाकायच्या गोष्टींमध्ये जुनी रद्दी, फुटक्या कुंड्या यांच्याबरोबर "बंगल्यामागची पत्र्याची शेड" पण होती, ती पाडा आणि तिथे गाडी लावायला जागा करा असं. ते वाचून मला राहवलं नाही म्हणून हे पत्र. आमच्याकडे सहकारनगरमध्ये अशीच एक शेड आहे, दहा बाय बाराची, सासऱ्यांनी सायकली आणि बंब ठेवायला बांधलेली, आणि गेली सहा वर्षं त्या शेडमध्ये बोरघाट उभा राहतोय. कर्जत ते लोणावळा. रूळ, बोगदे, इंजिनं, सिग्नल सगळं. मॉडेल रेल्वे म्हणतात त्याला.

मी टेलिफोन खात्यात ३१ वर्षं नोकरी केली, एक्सचेंजमध्ये, रिले (विजेनं ओढले जाणारे स्विच) आणि वायरिंग हेच माझं काम. रिटायर झाल्यावर मुलीच्या मुलाला, तेव्हा तो सहा वर्षांचा होता, जोशी म्युझियम दाखवायला घेऊन गेले. कर्वे रोडजवळचं भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम, १९९८ पासून आहे, अर्ध्या पुण्यानं लहानपणी एकदा तरी बघितलेलं असतं. त्या शोमध्ये दिवे मंद होतात आणि गाड्यांच्या खिडक्या उजळतात ना, तेव्हा नातवानं माझा हात घट्ट धरला आणि विचारलं आजी हे आपल्या घरी होईल का. मी टेबलाखाली वाकून वायरिंग बघत होते. मला वाटलं होईल की.

पण घरी म्हणजे कुठे हा खरा प्रश्न, आणि या पत्राचा मुद्दाही तोच आहे. पहिलं दीड वर्ष आम्ही हॉलमध्ये केलं. जुना फ्लश डोअर दिवाणावर टाकायचा, त्यावर रूळ जोडायचे, गाडी गोल फिरवायची. मग पाहुणे आले की उचला, गौरी बसायच्या आहेत उचला, यांना दुपारी आडवं व्हायचंय उचला. दर वेळी जोडताना रुळांच्या जोडणीच्या त्या बारीक पितळी क्लिपा सैल व्हायच्या, एक-दोन हरवायच्या, आणि गाडी मागच्या वेळी जिथे छान चालत होती तिथेच अडकायची. पोराचा हिरमोड व्हायचा. जे काम वर्षानुवर्षं चालणारं आहे ते रोज संध्याकाळी आवरून ठेवायचं असेल तर ते पुढेच जात नाही हे मला तेव्हा कळलं.

दिवाळीतल्या किल्ल्याचं घ्या. आपल्याकडे पेठांमध्ये, सोसायट्यांमध्ये मुलं किती जीव ओतून किल्ले करतात, पोती भिजवून दगडांवर टाकायची, माती लिंपायची, अळीव पेरायचं, मावळे मांडायचे, आणि तुळशीचं लग्न झालं की वॉचमन सांगतो पार्किंग मोकळं करा. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. त्याच मुलांना त्याच किल्ल्यावर दुसऱ्या वर्षी काम करायला मिळालं, तिसऱ्या वर्षी मिळालं तर काय होईल? आमच्या शेडमध्ये तेच झालं. न मोडलेला किल्ला आहे तो.

लंडनमध्ये १९१० पासून मॉडेल रेल्वेचा क्लब आहे, आणि इंग्लंडमध्ये तर घरामागच्या बागेतल्या लाकडी शेडमध्ये किंवा छपराखालच्या माळ्यावर रेल्वे मांडायची जुनी पद्धत आहे. त्यांची अडचण थंडी आणि ओल. आपली वेगळी आहे, पत्रा, पाऊस आणि वाळवी. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण कुणी मनावर घेतलं तर आमच्या चुका परत करायला नकोत.

आधी पत्रा. एप्रिलमध्ये पुण्यात ३८-३९ तापमान असतं तेव्हा नुसत्या पत्र्याखाली दुपारी उभं राहवत नाही, प्लास्टिकची इमारत वाकते (आमचं कर्जत स्टेशन वाकलं होतं). आम्ही पत्र्याला वरून पांढरा रंग दिला, आतून चार इंच पोकळी सोडून सीलिंग केलं आणि दोन्ही टोकांना छपराजवळ जाळीच्या खिडक्या, म्हणजे पोकळीतली गरम हवा बाहेर निघून जाते. त्यानं खूप फरक पडला. तरी मार्च ते मे आम्ही सकाळी साडेसहा ते नऊ एवढंच काम करतो. पत्रे बदलले तेव्हा ज्याला काम दिलं होतं त्यानं स्क्रूखालचे रबरी वॉशर घातलेच नाहीत, जूनच्या पहिल्या पावसात बरोबर लोणावळ्यावर धार लागली, तीन महिन्यांचं काम भिजलं, नातू रडला होता त्या दिवशी. तेव्हा वर चढून स्वतः एकेक स्क्रू बघा, कुणावर सोडू नका.

मग लाकूड. पावसाळ्यात साधं प्लाय फुगतं आणि हिवाळ्यात आकसतं, वर रूळ घट्ट खिळलेले असतील तर ते साप सरपटल्यासारखे वाकडे होतात. लोकांना वाटतं रूळ तापून वाढले, पण हिशोब करून बघा, तीन मीटर रूळ २५ अंशांच्या फरकानं सव्वा मिलिमीटरसुद्धा धड वाढत नाही, खरा खेळ लाकडाचा असतो. म्हणून भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून वॉटरप्रूफ प्लाय आणलं आणि वरून खालून आणि कापलेल्या चारही कडांना प्रायमर मारला, कडा सगळ्यात महत्त्वाच्या, पाणी तिथूनच शिरतं. रुळांच्या दर दोन-तीन तुकड्यांनंतर पोस्टकार्ड जाईल एवढी फट ठेवली. फटीच्या दोन्ही बाजूंना वायर खालून वेगवेगळी सोल्डर केली म्हणजे करंट तुटत नाही.

पाय लोखंडी अँगलचे, कारण वाळवी. लाकडी पाय थेट जमिनीला टेकवू नका, सहकारनगरात तरी नकोच, टेकडीच्या पायथ्याला वाळवी फार. उंदीर वायरींचं प्लास्टिक कुरतडतात म्हणून सगळ्या वायरी पीव्हीसी पट्टीत बंद. पालींचं काय करायचं ते मला अजून जमलेलं नाही. आणि एकदा दोन आठवडे गावाला जाऊन आलो तर घाटातल्या नागनाथ केबिनच्या पुढच्या बोगद्यात खारीनं कापूस, सुतळी आणून घरटं केलं होतं, पिल्लं होती आत. तो मार्ग आम्ही पिल्लं जाईपर्यंत बंद ठेवला, नातवानं दोन्ही तोंडांना लाल झेंडी लावली होती.

विजेचं नीट ऐका. गाडी चालते १२ व्होल्ट डीसीवर, त्यात धोका काही नाही, मुलानं रुळाला हात लावला तरी काही होत नाही. पण त्या १२ व्होल्टच्या मागे शेडमध्ये २३० व्होल्ट आलेले असतात, पत्र्याच्या खोलीत, पावसात, ओल्या फरशीवर. तिथे जुगाड करायचा नाही. घरातून एक्स्टेंशन बोर्ड ओढून आणायचा नाही. लायसन्सवाल्या वायरमनकडून स्वतंत्र लाइन, चांगलं अर्थिंग, पत्र्याचा सांगाडा पण अर्थला जोडलेला, आणि ३० मिलिअँपियरला ट्रिप होणारा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. एवढ्यावर पैसे वाचवू नका, इंजिन वर्षभर उशिरा घ्या हवं तर. थिनर, रॉकेल असलं काही त्या खोलीत ठेवायचं नाही आणि सोल्डरिंग करताना खिडकी उघडी.

बाकी सामान पुण्यात मिळतं. वायर, स्विच, एलईडी तापकीर गल्लीत, फेविकॉल-रंग-कार्डबोर्ड रविवार पेठेत बोहरी आळीत, आणि जुन्या बाजारात रविवारी लवकर गेलात तर रिले, छोट्या मोटारी, घड्याळाची चाकं असं काय काय हाताला लागतं. रूळ आणि इंजिन मात्र बहुतेक बाहेरून येतं आणि महाग पडतं, ते खरं आहे, लपवण्यात अर्थ नाही. आमच्याकडे सहा वर्षांत चार इंजिनं झाली, त्यातलं एक भेट मिळालेलं.

आमचा स्केल एचओ, म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. आता इथे नातवाचं गणित सुरू झालं आणि मला तो भाग फार आवडतो म्हणून लिहिते. एचओच्या दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, १६.५ मिलिमीटर, ते युरोपातल्या १४३५ मिलिमीटर गेजचा सत्त्याऐंशीवा भाग आहे. पण आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, त्याला ८७ नं भागलं तर सव्वाएकोणीस येतात. म्हणजे आमची डेक्कन क्वीन जरा अरुंद रुळांवर धावते. ते त्यानं पाचवीत असताना स्वतः शोधून काढलं आणि माझ्याकडे तक्रार घेऊन आला, आजी हे चुकीचं आहे. मी म्हटलं चुकीचं आहे, पण आपण ते माहीत असून स्वीकारलंय. मग त्यानं डबे मोजले. खरा जुन्या पद्धतीचा डबा बफरसकट २२ मीटरच्या थोडा वर, आमचा पंचवीस सेंटिमीटरचा. सतरा डब्यांची गाडी करायची तर सव्वाचार मीटर, म्हणजे चौदा फूट, आणि आपली भिंत बारा फूट. म्हणून आमच्या गाडीला सहा डबे.

मग घाटाचं गणित केलं तेव्हा तर तो वहीत बघतच राहिला. खरा बोरघाट साधारण १६ मैलांत १८०० फुटांवर चढतो. ते १:८७ मध्ये केलं तर लांबी जवळपास तीनशे मीटर आणि उंची सव्वासहा मीटरच्या वर. आमची शेड आठ फूट उंच. म्हणजे लोणावळा आमच्या आंब्याच्या शेंड्यावर गेलं असतं. बरं, कमीत कमी चढ तरी खरा ठेवू म्हणून घाटातला सगळ्यात तीव्र चढ घेतला, १:३७, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. तीन भिंतींना धरून आम्हाला मिळून धाव मिळते तीस फूट. ३० भागिले ३७. दहा इंचसुद्धा धड चढत नाही! दहा इंचात कसला घाट दिसणार.

या प्रश्नावर आम्ही दोन महिने अडून होतो, आणि उत्तर घाटानंच दिलं. जुन्या बोरघाटात खंडाळ्याच्या खाली रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी चढत यायची, डोंगराच्या कडेवर थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट्या दिशेनं पुढचा चढ चढायची. कारण कड्यावर गाडी वळवायला जागाच नव्हती, आणि जागा नसेल तर इंग्रजी झेड अक्षरासारखं वर जायचं. १८६३ ते १९२९ असं चाललं, मग नवीन मार्ग केला. नातू म्हणाला म्हणजे त्यांची पण शेड छोटी होती. तेच आम्ही केलं, भिंतीशी थांबायचं आणि उलटं वर जायचं, तर उंची दुप्पट मिळाली, वीस इंचाच्या आसपास, आणि खाली कर्जत, वर लोणावळा असं खरंच दिसायला लागलं. हा घाट आखणाऱ्या जेम्स बर्कलेसारख्या इंजिनिअरला डोंगरात पडलेला प्रश्न बारा वर्षांच्या मुलाला सहकारनगरच्या शेडमध्ये पडतो आणि तो त्याच उत्तराला येतो, हे दुसऱ्या कुठल्या क्लासमध्ये होईल मला सांगा.

त्या निमित्तानं आम्ही घाटाविषयी जे मिळेल ते वाचलं. अॅलिस ट्रेडवेल हे नाव मला साठीपर्यंत माहीत नव्हतं. तिचा नवरा सॉलोमन ट्रेडवेल घाटाचं कंत्राट घेऊन १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत आजारानं गेला. तिनं कंत्राट स्वतःच्या नावावर चालू ठेवलं, दोन इंजिनिअर कामावर देखरेखीला नेमले आणि १८६३ मध्ये घाट पुरा झाला. एका वेळी ४०,००० हून जास्त मजूर कामावर होते, कॉलऱ्यानं किती गेले. त्यांची नावं कुठे नाहीत. आमच्या घाटात पहिल्या बोगद्यापाशी नातवानं मजुरांची वस्ती केलीये, आगपेटीच्या काड्यांच्या झोपड्या, हे त्याच्या मनानं, मी सांगितलं नव्हतं.

आणि अमृतांजन पूल. एक्स्प्रेसवेवरून जाताना लागायचा तो दगडी कमानींचा, २०२० च्या एप्रिलमध्ये लॉकडाउनमध्ये पाडला. आम्ही तेव्हा नुकतंच शेडमध्ये सामान हलवलं होतं, बाहेर जाता येत नव्हतं, तर जुन्या फोटोंवरून माउंटबोर्डचा पूल केला, दगडांच्या रेघा पेन्सिलीनं, वर पातळ काळा रंग. जागा अगदी नेमकी नाहीये पण पूल आहे. माझे भाऊ कर्जतचे, ते आले की आधी त्या पुलापाशी उभे राहतात.

मला स्वतःला सगळ्यात प्रिय काय विचाराल तर कॅच सायडिंग. घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक नीट आहेत याची खात्री करायला तिला ठरलेल्या जागी थांबावं लागतं, आणि ती ताब्यात आहे हे कळेपर्यंत सांधा (गाडीचा रूळ बदलणारा जोड) मुख्य मार्गाकडे नसतो, बाजूच्या चढणीच्या फाट्याकडे असतो. ब्रेक लागलेच नाहीत तर गाडी त्या चढावर जाऊन आपोआप थांबेल, दरीत जाणार नाही. आपण हजार वेळा त्या घाटातून मुंबईला गेलो, गाडी मधेच का थांबली म्हणून वैतागलो, आणि ती आपल्यासाठी थांबत होती. हे मी जुन्या टेलिफोन रिलेंवर करून बघितलं. गाडी घाटातल्या मंकी हिल केबिनला येऊन थांबली की एक रिले ओढला जातो, वीस सेकंद मोजली जातात, मगच सांधा पलटतो आणि सिग्नल हिरवा. न थांबता आली तर सरळ फाट्यावर चढते. ज्या रिलेंचा टकटक आवाज मी ३१ वर्षं ऐकला तो परत माझ्या घरामागे ऐकू येतो, ते सुख मी लिहून सांगू शकत नाही.

आणि हे काही माझंच डोकं नाही. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये (आपल्या कोथरूडची नव्हे, केंब्रिजमधली) १९४६ पासून विद्यार्थ्यांचा मॉडेल रेल्वे क्लब आहे, तिथल्या मुलांनी रेल्वेच्या टेबलाखाली टेलिफोनचे रिले आणि स्विच वापरूनच गाड्यांचं कंट्रोल केलं होतं, आणि त्यातलीच मुलं पुढे सुरुवातीच्या कॉम्प्युटरांवर प्रोग्राम लिहायला बसली. हॅकर हा शब्द आज ज्या अर्थानं कॉम्प्युटरवाले अभिमानानं वापरतात तो तिथून रुळला. त्या मुलांना काय दिलं होतं कॉलेजनं? एक खोली, जिथे टेबल रात्री उचलावं लागत नव्हतं.

शेजारची पण मुलं येतात आता, शनिवारी सकाळी सहा-सात जण. मागच्या महिन्यात बँकर लावायचा प्रयोग केला. कर्जतला आपण वडापाव घेईपर्यंत गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात ना, ती. आमच्याकडे मागचं इंजिन पुढच्यापेक्षा जरा जोरात पळायचं, वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोटारी, तर वळणावर मधले डबे उचलले जाऊन दरीत. चार वेळा पडले. मग एकीनं, नववीत आहे ती, सुचवलं की डबे हलके आहेत. वजन केलं तर एकेक डबा ऐंशी-नव्वद ग्रॅमचा. पंचवीस सेंटिमीटरच्या डब्याला दीडशेच्या वर पाहिजे. जुनी नाणी फेविकॉलनं तळाला चिकटवली, अगदी मधोमध आणि खाली, म्हणजे डबा कलंडत नाही. मग दोन्ही इंजिनं एकटी चालवून स्टॉपवॉच लावलं, पुढचं जरा जास्त वेगाचं ठेवलं. पाचव्यांदा गाडी वर गेली. त्या दिवशी कुणी मोबाइल काढला नव्हता ते मला नंतर लक्षात आलं, फोटोसुद्धा नाही कुणाकडे.

आता तुम्ही म्हणाल बंगले राहिलेत किती पुण्यात. बरोबर आहे. आमच्या गल्लीतच तीन बंगले रिडेव्हलपमेंटला गेले, आमच्याकडेही दोन जण येऊन गेले आणि मुलगा म्हणतो विचार करायला हरकत नाही, शेड तर आधीच पाडून गाडीला जागा करू. मी त्याला नाही म्हटलं नाही. एवढंच म्हटलं की नवीन प्लॅनमध्ये जिम आहे, पार्टी हॉल आहे, ज्यात महिन्यातून एक वाढदिवस होणार, तर तिथे एक दहा बाय बाराची कुलूप लागणारी खोली मागा. खिडकी असलेली, पोटमाळ्यावर किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात चालेल, तळघरात नको, पाणी शिरतं. तिचं भाडं नको, तिथे लग्नाच्या खुर्च्या नकोत, तिथे अर्धवट काम तसंच ठेवता आलं पाहिजे. रेल्वेच पाहिजे असं नाही, कुणी होडी करेल, कुणी दुर्बीण घासेल, कुणाचा हातमाग असेल. माझ्या ओळखीतल्या चार सोसायट्यांच्या प्लॅनमध्ये मी शोधलं, अशी खोली एकातही नाही.

ज्यांच्याकडे आज शेड आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं की यंदाच्या पावसाळ्याआधी ती पाडू नका, आत काय काय आहे ते बाहेर काढा, पत्रा तपासा, आणि घरातल्या नाहीतर शेजारच्या एखाद्या मुलाला विचारा तुला इथे काय करायचंय. विकत काही आणायच्या आधी विचारा. जागा बघून त्याला सुचेल. १९५६ मध्ये पेशवे पार्कात फुलराणी सुरू झाली, मी तीत बसलेय, माझी मुलगी बसली, नातू बसला, तेवढ्या एका छोट्या गाडीनं किती पुणेकरांना रेल्वेची गोडी लावली, आणि तिला तर नुसता एक गोल रूळ टाकण्याएवढी जागा दिली होती.

कुणाला शेड करायची असेल आणि वायरिंग, पत्रा, प्लाय याबद्दल विचारायचं असेल तर तुमच्या कार्यालयामार्फत पत्र पाठवा, मी प्रत्येकाला उत्तर देईन, येऊन बघायचं असेल तर शनिवारी सकाळी या. मेअखेरपर्यंत प्लायच्या कडांना दुसरा हात मारायचाय, तेव्हा हाताला रंग लागेल अशा तयारीनं या.

आणि संपादक महोदय, तुमची ती यादी पुढच्या वर्षी परत छापाल तेव्हा त्यातून शेडचं नाव काढा ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक
सहकारनगर, पुणे